डावखुरा पिचर, अकरावीचं वर्ष आणि नाव न ऐकलेली कॉलेजं

नमस्कार ताई,

आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे. लिटल लीगपासून बेसबॉल खेळतोय, डावखुरा पिचर (बॉल टाकणारा), बॉलचा वेग ताशी ८२-८३ मैलांपर्यंत जातो. अभ्यासात चांगला आहे, जीपीए (मार्कांची सरासरी) ३.९, एपी (कॉलेजच्या पातळीचं) बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस चालू आहे, पुढे बायॉलॉजीच करायचं म्हणतो. क्लबचे कोच सांगतात, अजून दोन-तीन मोठ्या शोकेसना (कोचना खेळ दाखवायच्या मेळाव्यांना) न्या, डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात) कुठेतरी होऊन जाईल. दोन छोट्या कॉलेजांच्या कोचच्या ईमेल आल्या आहेत. दोन्ही डिव्हिजन थ्री आणि दोन्हींची नावं आम्ही कधी ऐकलेली नव्हती. ह्यांचं म्हणणं, ‘खेळ बारावीपर्यंत ठीक आहे. नंतर सरळ रटगर्स विद्यापीठ. घराजवळ, फी कमी आणि नाव सगळ्यांना माहीत.’ मुलगा बोलत काहीच नाही, पण जेवतानासुद्धा त्याच्या हातात बॉल असतो. मंडळात विचारावं तर आमच्या ओळखीत कुणी या वाटेने गेलेलंच नाही. छोटं कॉलेज घेतलं तर त्याचं नुकसान होईल का? आणि स्कॉलरशिप मिळेल का?

– एक आई

---

नमस्कार,

स्कॉलरशिपचं आधी सांगते, कारण बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते. कमी असते असं नाही, नसतेच. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएचा तसा नियम आहे, आणि आर्थिक मदत ठरवताना मुलगा खेळाडू आहे ही गोष्ट जमेस धरायलाही बंदी आहे. प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळासाठी पैसे तीही देत नाहीत. तेव्हा बेसबॉलवर फी निघेल हा हिशोब सोडून द्या. बेसबॉल त्याच्यासाठी वेगळं काम करू शकतो. ज्या कॉलेजात नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही, तिथल्या ॲडमिशन ऑफिसात त्याच्या अर्जाच्या बाजूने बोलणारा एक माणूस उभा राहू शकतो. ३.९ जीपीए असलेल्या मुलासाठी ही गोष्ट फार मोठी आहे. तिच्याकडे मी पुढे येतेच.

डिव्हिजन वनच्या आशेवर आणखी शोकेस करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. सध्या तिथली दारं अरुंद झाली आहेत. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना बेसबॉलच्या संघात ३४च खेळाडू ठेवता येतात. आधी याहून मोठे संघ चालायचे. वर ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू मिळत असताना सतरा वर्षांच्या मुलावर थांबायला कोच तयार नसतात. मेजर लीगचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) पूर्वी ४० फेऱ्यांचा असायचा, २०२१ पासून तो २० फेऱ्यांचा आहे, त्यामुळे मोठी मुलं कॉलेजातच राहतात. ८२-८३ मैलांच्या पिचरला या गर्दीत जागा मिळणं कठीण, आणि मिळाली तरी बाकावर. हेच आकडे चांगल्या डिव्हिजन थ्री संघाच्या कोचपुढे ठेवा, तो मुलाच्या सामन्यांचं वेळापत्रक मागवून घेईल. डावखुरा आहे म्हटल्यावर तर नक्कीच.

आता ‘नाव ऐकलं नाही’ याबद्दल. अमेरिकेतला कॉलेज-कॉलेजमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी झाला. ॲमहर्स्ट कॉलेज विरुद्ध विल्यम्स कॉलेज. ॲमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांचा बुद्धिबळाचा सामना झाला. तोही ॲमहर्स्टनेच जिंकला. दोघांचे संघ आजही एकमेकांशी खेळतात, दोघंही डिव्हिजन थ्रीत आहेत, आणि अर्ज करणाऱ्या शंभरातल्या दहा मुलांनाही तिथे प्रवेश मिळत नाही. मेजर लीगचे संघ चालवलेले डॅन ड्युकेट, नील हंटिंग्टन आणि बेन चेरिंग्टन हे तिघं ॲमहर्स्टचेच विद्यार्थी. आपल्या मंडळींना ही नावं परिचयाची नाहीत, कारण आपण इथे आलो ते मोठ्या विद्यापीठांत मास्टर्स करायला, किंवा थेट नोकरीवर. दोन हजार मुलांच्या कॉलेजशी आपला संबंधच आला नाही. मुलाला नोकरी देणाऱ्यांना आणि मेडिकल स्कूलवाल्यांना मात्र ती नीट माहीत असतात. बायॉलॉजीसाठी तर छोट्या कॉलेजचा एक मोठा फायदा आहे. तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकाच्या लॅबमधलं खरं काम पदवीच्या मुलांकडे येतं. दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा स्वतः प्रयोग लावतो, आणि शिफारसपत्र लिहिणारा प्राध्यापक त्याला नावाने ओळखत असतो.

अर्थात डिव्हिजन थ्री म्हटलं की सगळं एका पातळीचं, असंही समजू नका. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने २००८ साली ४५ सामने जिंकून आणि फक्त एक हरून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच काळात कॅलटेकचा संघ ओळीने २२८ सामने हरला. ती मालिका २०१३ मध्ये थांबली. दोन्ही डिव्हिजन थ्रीच. मुलाला कुठे खेळायला आवडेल हे त्याने दोन्ही टोकांचे सामने बघून ठरवावं. डिव्हिजन थ्रीच्याच फेरम कॉलेजातून पिचर बिली वॅग्नर थेट हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला, स्टीव्हन्स पॉइंटमधून जॉर्डन झिमरमन मेजर लीगमध्ये गेला. अशी नावं क्लबवाले पटापट सांगतात, पण त्यावर मुलाची चार वर्षं ठरवू नका.

आता तो बाजूने बोलणारा माणूस. न्यू इंग्लंडच्या नेस्कॅक लीगमधली ११ कॉलेजं (ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, बोडन, मिडलबरी वगैरे), पेनसिल्वेनियातली स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, अशा ठिकाणी साधारण एकच पद्धत असते. अकरावी संपली की १ जुलैच्या पुढे कोच मुलाची मार्कशीट, बारावीचे विषय आणि टेस्टचे गुण ॲडमिशन ऑफिसला दाखवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून ‘चालेल’ असा इशारा आला की कोच सांगतो, अर्ली डिसिजनने (एकाच कॉलेजात आधी अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं) अर्ज कर, मी तुला पाठिंबा देतो. प्रत्येक कोचकडे असे पाठिंबे मोजकेच असतात. म्हणून ‘तू आम्हाला फार आवडलास’ या वाक्यावर विसंबू नका, ते पन्नास मुलांना सांगितलेलं असतं. मुलाने नम्रपणे पण सरळ विचारायचं, ‘मी अर्ली डिसिजन केलं तर ॲडमिशन ऑफिसमध्ये तुमचा पूर्ण पाठिंबा असेल का? गेल्या काही वर्षांत तुम्ही पाठिंबा दिलेल्यांपैकी किती मुलांना नकार आला?’ चांगला कोच या प्रश्नाने रागावत नाही, आकडा सांगतो. जो विषय बदलतो, त्याच्या भरवशावर अर्ली डिसिजन वाया घालवू नका.

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, आणि इथे तुमच्या यजमानांचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. या कॉलेजांचा वर्षाचा पूर्ण खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे गेलाय. मदत बहुतेक ठिकाणी घरच्या उत्पन्नावर मिळते, गुणवत्तेवर नाही, आणि नवरा-बायको दोघं नोकरीत असलेल्या आपल्या घरांना ती फारशी मिळत नाही. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो. कोचशी दुसरा फोन व्हायच्या आत तुम्ही दोघं एका संध्याकाळी बसून तो भरा. आलेला आकडा मुलाला दाखवा, लपवू नका. सतरा वर्षांच्या मुलाला घरची ऐपत कळली तर बिघडत काही नाही. नोव्हेंबरात अर्ज भरताना कळली तर मात्र त्याचं मन मोडतं.

त्या आकड्याने घाम फुटला तर दोन रस्ते आहेत. ओहायोतली डेनिसन, केन्यन, वूस्टर अशी कॉलेजं मार्कांवर मेरिट स्कॉलरशिप देतात, आणि वूस्टरचा बेसबॉल संघ तर नावाजलेला आहे. दुसरा रस्ता तुमच्या दाराशीच आहे. यजमानांना सांगा, रटगर्स फक्त न्यू ब्रन्सविकमध्येच नाही. न्यू ब्रन्सविकचा संघ बिग टेन लीगमध्ये, डिव्हिजन वनला खेळतो. तिथे तुमच्या मुलाला जागा नाही. हौशी क्लब बेसबॉल खेळता येईल, तोही वाईट पर्याय नव्हे. पण रटगर्सच्या न्यूअर्क आणि कॅम्डन कॅम्पसचे स्वतःचे बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीत आहेत. यूइंगचं द कॉलेज ऑफ न्यू जर्सी सरकारी आहे, आटोपशीर आहे, अभ्यासात उत्तम आहे, आणि राज्यातल्या रहिवाशांना खासगी कॉलेजच्या साधारण निम्म्या खर्चात पडतं. न्यू जर्सीतल्या या कॉलेजांची लीग कमी समजू नका. रोवन, मॉन्टक्लेअर स्टेट आणि कीन, तिघांनीही डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. मॉन्टक्लेअरने तर तीनदा. तुमच्या यजमानांना हवं ते सगळं, म्हणजे घराजवळ, कमी फी, ओळखीचं नाव, आणि मुलाला हवा तो माउंड (पिचरची जागा), हे एकाच ठिकाणी मिळू शकतं. माझ्या मते तुमच्या यादीत पहिलं नाव द कॉलेज ऑफ न्यू जर्सीचं हवं. नेस्कॅकची दोन-तीन त्यानंतर, तीही कॅल्क्युलेटर झेपला तरच.

छोट्या कॉलेजांबद्दल एक इशारा देते, आणि तो गंभीर आहे. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ पासूनचं कॉलेज पैशाअभावी ३१ मे २०२४ रोजी कायमचं बंद झालं. त्याच दिवशी त्याचा बेसबॉल संघ ओहायोत डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमधला पहिला सामना खेळत होता. मुलं देशातल्या सर्वोत्तम आठ संघांत पोचली होती आणि त्यांचं कॉलेज अस्तित्वात नव्हतं. तेव्हा कोचने कितीही प्रेमाने बोलावलं तरी आधी बघा की गेल्या पाच-सात वर्षांत विद्यार्थिसंख्या घटत चाललीय का, विभाग बंद होताहेत का, कॉलेजकडे राखीव निधी किती आहे. काही अडचणीतली कॉलेजं खेळाडूंच्या फीवर तग धरतात. तिथे ३४ची मर्यादा नसते, म्हणून पन्नास-साठ मुलांचा संघ भरवतात आणि त्यातली निम्मी कधी मैदानात उतरत नाहीत. तुम्हाला आलेल्या दोन ईमेलपैकी एखादी अशा कॉलेजची असू शकते.

हे ओळखायला रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, वाचायला शिका. संघाच्या पानावर सगळं उघड असतं. पिचर किती आहेत? त्यात डावखुरे किती, आणि तुमचा मुलगा पोचेल तेव्हा त्यांतले किती पदवी घेऊन गेलेले असतील? पहिल्या वर्षाची मुलं अठरा आणि शेवटच्या वर्षाची चार असं दिसलं, तर मधली चौदा कुठे गेली? जुन्या वर्षांची रोस्टरंही तिथेच सापडतात, नावं लावून बघा. मग सामन्यांचे आकडे उघडा आणि पहिल्या वर्षाच्या पिचरांनी किती इनिंग टाकल्या ते मोजा. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे माझ्या दृष्टीने सगळ्यात आधी, प्रत्येकाच्या नावापुढचा विषय वाचा. छत्तीस मुलांत बायॉलॉजी किंवा केमिस्ट्रीचं एकही नसेल तर कोचला विचारायची गरज नाही, उत्तर तुमच्या समोर आहे.

कारण बायॉलॉजी आणि बेसबॉलची गाठ लॅबच्या वेळेत पडते. एप्रिलमधला एखादा मंगळवार डोळ्यांपुढे आणा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब दुपारी एक ते चार. सामना चारला, पण दीड तासावरच्या कॉलेजात. बस साडेबाराला निघणार, कारण पोचून धावणं, ताणणं, थ्रोइंग व्हायचं असतं. मुलगा त्या दिवशी पिच करणार नसला तरी बसमध्ये असावाच लागतो. परतायला रात्रीचे साडेनऊ, डायनिंग हॉल बंद, आणि लॅबचा रिपोर्ट गुरुवारी द्यायचा. शनिवारी डबलहेडर, एका दिवसात दोन सामने. पाऊस पडला की तो रविवारवर, नाहीतर सोमवारवर. डिव्हिजन थ्रीच्या मोसमात जास्तीत जास्त ४० सामने असतात, डिव्हिजन वनमध्ये ५६. हा फरक मोठा आहे, पण ते ४० फेब्रुवारी ते मे एवढ्यातच बसवावे लागतात, आणि उत्तरेकडचे संघ बर्फामुळे मार्चची सुट्टी फ्लोरिडात सामने खेळण्यात घालवतात. काही कॉलेजांत लॅब सकाळची निवडता येते, किंवा प्राध्यापक दुसऱ्या तुकडीबरोबर करू देतात. काही ठिकाणी कोच हसून सांगतो, ‘आमची मुलं सहसा सोपे मेजर (मुख्य विषय) घेतात.’ असं ऐकलंत की तिथून निघा.

हे कोचला नाही, बायॉलॉजी शिकणाऱ्या खेळाडूला विचारायचं, आणि तुम्ही दोघं शेजारी नसताना. कॅम्पस बघायला जाल तेव्हा मुलाला संघातल्या मुलांबरोबर जेवायला सोडा आणि तुम्ही लायब्ररीत बसा. सामना चालू असेल तर कुंपणाजवळ उभं राहून डगआउटकडे, म्हणजे खेळाडू बसतात तिकडे, बघा. शॉर्टस्टॉपच्या (एका क्षेत्ररक्षकाच्या) हातून सोपा बॉल सुटला तर कोच काय करतो? इनिंग संपल्यावर त्या मुलाच्या शेजारी जाऊन कोण बसतं? हरत्या सामन्याच्या आठव्या इनिंगमध्ये हे जितकं कळतं तितकं माहितीच्या सत्रात कधी कळत नाही.

एक प्रश्न मात्र मुलाने स्वतःला विचारायचाय. पिचरच्या कोपराचा भरवसा नसतो. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा माउंडवर यायला वर्ष-सव्वा वर्ष जातं, आणि काही मुलं परत येतच नाहीत. दुसऱ्या वर्षी असं झालं, हात गळ्यात आहे, संघ फ्लोरिडाला गेलाय, तर त्या आठवड्यात त्याला त्या कॉलेजात राहावंसं वाटेल का? तिथले वर्ग, तिथली मुलं, ते गाव आवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते कॉलेज यादीतून काढा, मग संघ कितीही चांगला असो. आणि उत्तर ‘हो’ असेल, तर बेसबॉल ही त्याच्यावर झालेली कृपा समजा आणि त्याला मनसोक्त खेळू द्या.

ताई, तो बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्याला बोलायला जागा मिळालेली नाही. कोच एक सांगतात, बाबा दुसरं. त्याला या कामात पुढे करा. आलेल्या दोन्ही ईमेलना उत्तर त्यानेच द्यावं, तुम्ही नाही; आईबाबांनी लिहिलेली ईमेल कोच लगेच ओळखतात आणि ती मुलाच्या विरोधात जाते. लांबलचक नको. पदवीचं वर्ष, डावखुरा पिचर, उंची-वजन, वेग, जीपीए, चालू असलेले एपी विषय, बायॉलॉजीत रस आहे एवढं, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि वसंतातल्या सामन्यांचं वेळापत्रक. व्हिडिओला संगीत लावू नका, कोचला बॉल ग्लव्हजमध्ये पडल्याचा आवाज ऐकायचा असतो. मग त्याने स्वतः निवडलेल्या आठ-दहा कॉलेजांच्या कोचनाही तसंच लिहावं. बायॉलॉजीबद्दल एखादं खरं वाक्य प्रत्येक ईमेलमध्ये वेगळं असावं, सगळ्यांना एकच मजकूर गेला की लक्षात येतं. उन्हाळ्यात शोकेसचे पैसे वाचवून यादीतल्या दोन-तीन कॉलेजांच्या स्वतःच्या शिबिरांना जा. तिथे निर्णय घेणारा कोच समोर उभा असतो. शिबिराचं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे, ती पत्रं शेकड्याने जातात, हे तेवढं लक्षात ठेवा.

आणि यजमानांना एका शनिवारी यूइंगला घेऊन जा. सामना बघायला, निर्णय वगैरे काही नको. रस्त्यात मुलाला पुढच्या सीटवर बसवा.

त्या दोन कॉलेजांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. मला कळवा, त्यांची गेल्या चार वर्षांची रोस्टरं मी बघते आणि काय दिसतं ते तुम्हाला लिहिते. तोवर कुठल्याही कोचला ‘हो’ म्हणू नका, आणि क्लबच्या पुढच्या शोकेसचा चेकही थांबवा.